मॉरिस, मारीच आणि मोरस

ज्याचं नाव मॉरिशसला दिलंय, त्यानं ते बेट कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. नाव ठेवलं गेलं १५९८ च्या सप्टेंबरात. तेव्हा हा गडी, डच राज्यप्रमुख मॉरिट्स, तिकडं नेदरलँड्समध्ये स्पेनच्या फौजांशी झुंजत होता. हिंदी महासागरात आपल्या नावाचं बेट झालंय, ही खबर त्याच्यापर्यंत पोचायलाच कितीतरी महिने लागले असणार.

मी साखरेतला माणूस. नगर जिल्ह्यात सहकारी कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स आणि पोल, म्हणजे उसाच्या रसाची मोजमापं, बघत बघत चीफ केमिस्ट होऊन निवृत्त झालो. मॉरिशसला गेलो तेही उसाच्याच निमित्तानं. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून वीज कशी करायची आणि ती सरकारी तारांवर कशी चढवायची, हे त्या लोकांनी आपल्या बरंच आधी बसवलेलं. ते बघायला कारखान्यानं आम्हा काही जणांना पाठवलं. बॉयलर बघितले, टर्बाइन बघितलं, परत येऊन अहवाल दिला. तो अजून कुठल्यातरी कपाटात धूळ खात असेल. माझ्या डोक्यात मात्र देशाचं नाव घोळत राहिलं, कारण तिथं मला भेटलेल्यांपैकी फारच थोडे जण त्याला मॉरिशस म्हणत होते.

आमच्या गाडीवरचे चालक मराठी वंशाचे. त्यांच्या आज्याचा बाप मुंबईहून जहाजानं आलेला. गाव कुठलं ते घरात कुणाला सांगता येत नव्हतं, 'रतनागिरी' एवढाच शब्द उरला होता. माझ्याशी ते हिंदी-भोजपुरीची मिसळ करून बोलायचे, बायकोशी फोनवर क्रिओल या तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत. देशाचं नाव घ्यायची वेळ आली की म्हणायचे 'मोरिस'. यातला र घशातून, फ्रेंचांसारखा. शेवटचा '-अस' गायब.

परत आल्यावर मी या नावाच्या मागं लागलो. सापडलं ते बरंच मजेशीर आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. या बेटावर मुळात माणसाची वस्तीच नव्हती. आदिवासी नाहीत, कोळी नाहीत, कुणीच नाही. म्हणजे 'गोऱ्यांनी मूळ नाव पुसून आपलं लादलं' ही आपल्या ओळखीची गोष्ट इथं लागू पडत नाही. पुसायला आधी काही लिहिलेलंच नव्हतं. अरब खलाशांना बेट माहीत असावं, कारण १५०२ च्या कांतिनो नकाशात या भागात तीन बेटं काढलीयत आणि त्यांची नावं 'दिना'पासून सुरू होणारी, अरबी वळणाची आहेत. पण अरब तिथं राहिले नाहीत. मग पोर्तुगीज आले, त्यांनी नाव ठेवलं 'सिर्ने', म्हणजे हंस. कुणी म्हणतं त्यांच्या जहाजाचं नाव ते, कुणी म्हणतं त्यांना डोडो हा तिथला बोजड, न उडणारा पक्षी हंस वाटला. दुसरं खरं असेल तर पोर्तुगीजांच्या दृष्टीची कमाल आहे.

पोर्तुगीजही राहिले नाहीत. पाणी भरायचं, लाकूड घ्यायचं, पुढं निघायचं. त्यांची खूण राहिली ती बेटांच्या समूहाच्या नावात. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज यांना मिळून आजही मास्करीन बेटं म्हणतात, ती पेद्रो मास्कारेन्यासच्या नावावरून. हा मास्कारेन्यास १५५४ मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. गोव्यातल्या मस्कारेन्हस आडनावाच्या मंडळींना हे सांगितलं की ते कौतुकानं ऐकतात. आणि मग नातं नसल्याचं लगेच स्पष्ट करतात!

आता डचांकडं येऊ. १५९८ च्या मे महिन्यात आठ जहाजांचा ताफा हॉलंडहून मसाल्यासाठी जावाकडं निघाला. प्रमुख याकोब फान नेक, त्याच्या हाताखाली विब्रांट फान वारवाइक. वाटेत वादळात ताफा फुटला. फान नेक तीन जहाजं घेऊन पुढं सटकला आणि वारवाइकची पाच जहाजं सप्टेंबरात या निर्जन बेटाच्या आग्नेय किनाऱ्याला लागली. आज त्या जागेला ग्रां पोर म्हणतात. वारवाइकनं खाडीला स्वतःचं नाव दिलं, बेटाला आपल्या राज्यप्रमुखाचं. त्या प्रमुखाचं नाव मॉरिट्स, घराणं नासाउ. लॅटिनमध्ये मॉरिशियस. एका झाडावर हॉलंड, झीलंड आणि ॲम्स्टरडॅमची चिन्हं कोरलेली लाकडी फळी ठोकली. झालं बारसं.

गंमत म्हणजे त्या ताफ्यात 'मॉरिशियस' नावाचं जहाजही होतं, पण ते फान नेकबरोबर पुढं निघून गेलेलं. बेटाला नाव पडलं तेव्हा तिथं ना मॉरिट्स हजर होता, ना त्याच्या नावाचं जहाज.

हा मॉरिट्स होता कोण? स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता विल्यम द सायलेंट, त्याचा मुलगा. बापाचा १५८४ मध्ये गोळी घालून खून झाला, तेव्हा हा जेमतेम सोळा वर्षांचा. पुढच्याच वर्षी हॉलंड आणि झीलंडचा स्टॅडहोल्डर, म्हणजे प्रांतप्रमुख, झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६२५ पर्यंत, बहुतेक काळ लढतच राहिला. हुशार सेनापती. सैनिकांना कवायत लावून, बंदुका भरायच्या हालचाली क्रमानं घोटून घेणारा. डचांनी त्याचं नाव दिसेल तिथं चिकटवलं. न्यूयॉर्कची हडसन नदी आहे ना, तिलाही ते काही काळ मॉरिशियस नदी म्हणत. तिथं ते टिकलं नाही, इथं टिकलं.

मॉरिट्सला हे नाव मिळालं आजोबांकडून, आईच्या बाजूनं. त्याची आई ॲना ही सॅक्सनीच्या मॉरिट्सची मुलगी. मामाकडची रीत म्हणा. आणि त्या आजोबांचं नाव ज्या संतावरून आलं तो सेंट मॉरिस हा इजिप्तच्या थीब्सहून आलेल्या रोमन तुकडीचा नायक मानला जातो. ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून आजच्या स्वित्झर्लंडमध्ये त्याला मारलं, अशी कथा आहे. स्वित्झर्लंडचं सेंट मॉरिट्झ, जिथं श्रीमंत लोक बर्फात घसरायला जातात, ते त्याचंच. जर्मनीत माक्डेबुर्गच्या चर्चमध्ये तेराव्या शतकातला त्याचा पुतळा आहे, आणि तो चिलखत घातलेल्या काळ्या आफ्रिकन योद्ध्याचा आहे. कारण मॉरिशियस हे नाव लॅटिन 'मॉरुस'वरून आलं, आणि मॉरुस म्हणजे उत्तर आफ्रिकेतला रहिवासी, मूर. मॉरिटानिया या देशाचं नावही त्याच मुळाचं. मॉरिशस आणि मॉरिटानिया यात लोक घोळ घालतात ते अगदीच उगाच नाही म्हणायचं. दोघं लांबचे भाऊबंदच आहेत.

म्हणजे बघा: आफ्रिकेतल्या माणसाला रोमनांनी दिलेलं नाव, ते इजिप्शियन संताला, त्याच्यावरून जर्मन राजपुत्राला, त्याच्या डच नातवाला, आणि तिथून समुद्रमार्गे पुन्हा आफ्रिकेच्या दारातल्या बेटाला. कुणी ठरवून केलेलं नाही हे, पण इतका फेरा फार थोड्या देशांच्या नावांनी मारला असेल.

डचांनी वस्ती केली १६३८ मध्ये. सोडली, पुन्हा केली आणि १७१० मध्ये उंदीर, वादळं आणि तोटा यांना कंटाळून कायमची सोडली. तेवढ्यात एबनीचं काळं लाकूड तोडून नेलं आणि डोडो संपवला. ज्याला बहुतेक अभ्यासक शेवटचा मानतात तो डोडो १६६२ मध्ये दिसला. मला महत्त्वाचं वाटतं ते १६३९ साल. त्या वर्षी आद्रियान फान डेर स्टेल या डच अधिकाऱ्यानं जावाहून ऊस आणून लावला. साखरेसाठी नाही, दारूसाठी. अरक काढायचे त्याची. पण बेटाचं पुढचं सगळं नशीब त्या कांड्यांत होतं. (दक्षिण आफ्रिकेचं स्टेलेनबॉश याच्या मुलाच्या नावाचं आहे. हे डच कुठंही नाव ठेवायला मागं हटत नसत.)

१७१५ च्या सप्टेंबरात फ्रेंच आले आणि नाव बदललं: इल द फ्रान्स. फ्रान्सचं बेट. काही कल्पनाशक्ती नाही, पण मालकी सांगायला पुरेसं. जवळजवळ शंभर वर्षं बेट या नावानं ओळखलं गेलं. ला बूर्दोने नावाचा गव्हर्नर १७३५ मध्ये आला, त्यानं पोर्ट लुई उभं केलं, साखरेचा पहिला धड कारखाना काढला, आणि कामाला आफ्रिका-मादागास्करहून गुलाम आणले. आपल्याकडं तो मद्रास जिंकणारा म्हणून इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरता येतो.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर नावांचा नुसता गोंधळ. पोर्ट लुई हे राजाचं नाव, म्हणून ते काढून 'डोंगराचं बंदर' केलं. मग नेपोलियन आला, बंदर झालं पोर्ट नेपोलियन. शेजारचं बूर्बाँ बेट झालं रियुनियन, मग बोनापार्त, मग परत बूर्बाँ, मग परत रियुनियन. तिथल्या पोस्टमनचे काय हाल झाले असतील!

१८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलं. त्यांच्या फौजेत मुंबई, मद्रास आणि बंगालहून नेलेले आपले शिपाईही होते. इल द फ्रान्स हे नाव ठेवणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीचं डच नाव त्यांनी झटकून परत काढलं. डच तोवर या भागात कुणी नाव घ्यावं इतकेही उरले नव्हते, म्हणून ते नाव बिनधोक होतं. माझ्या मते हीच खरी मेख आहे. मॉरिशस हे नाव राहिलं ते कुणाला त्या राजपुत्राबद्दल प्रेम होतं म्हणून नाही. ज्याच्यावरून कुणाला राग येणार नाही असं हाताशी असलेलं ते एकच नाव होतं.

बंदराचं मात्र त्यांनी पोर्ट लुई केलं, फ्रेंच राजाचंच. नेपोलियन नको, लुई चालेल. शिवाय शरणागतीच्या तहात तिथल्या फ्रेंच मळेवाल्यांना धर्म, कायदे, रीतिरिवाज राखू दिले. परिणाम असा की राज्य दीडशे वर्षांहून जास्त इंग्रजांचं, आणि बोली तोंडात फ्रेंचची. मोठी वर्तमानपत्रं आजही फ्रेंचमध्ये निघतात. फ्रेंचमध्ये बेट झालं 'इल मोरिस', गुलामांच्या मुलांनी घडवलेल्या क्रिओलमध्ये नुसतं 'मोरिस'. आमच्या चालकांचा तो '-अस' तिथं गळाला होता.

गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ ला कायद्यानं संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नाही. मजूर हवे होते, म्हणून २ नोव्हेंबर १८३४ पासूनच 'ॲटलस' जहाजानं कलकत्त्याहून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, यायला लागले होते. पहिल्या खेपेत छत्तीस जण. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास. बिहार-पूर्वांचलचे सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले, घाटावरचे.

भोजपुरी माणसाच्या तोंडी मॉरिशसचं झालं 'मारीच' किंवा 'मिरिच देस'. उच्चाराचा सहज झालेला बदल हा, पण रामायण पाठ असलेल्या माणसाला मारीच म्हटलं की काय आठवणार? सोन्याचं हरीण. दलाल म्हणे सांगायचे, तिकडं दगड उलटला की खाली सोनं सापडतं. हे दलाल खरंच असं म्हणायचे की नंतर लोकांनीच कडवटपणे रचलं, कोण जाणे. पण तिथं अजून प्रत्येकाला ही गोष्ट माहीत आहे. आमच्या चालकांनी ती मला सांगितली ती उसाच्या रानात गाडी थांबवून.

त्या रानात दगडांचे ढीग होते. साधे बांध नाहीत, अंगावर येतील असे ढीग. दोन पुरुष उंच, पायऱ्या-पायऱ्यांनी रचत नेलेले, कडा धरून बसवलेले, मध्ये भर घातलेली. चहूबाजूंनी ऊस आणि मधोमध हे काळे ढीग, एका रानात दोन-तीन तरी. दगड आपल्या सह्याद्रीचाच, ज्वालामुखीचा बेसॉल्ट. पृष्ठभाग भोकाभोकांचा, हातात घेतला की तळवा खरवडतो. मी एक उचलून बघितला, नारळाएवढा होता, पण अपेक्षेपेक्षा जड. असे लाखो दगड आधी गुलामांनी आणि मग गिरमिटियांनी उपसले, तेव्हा कुठं तिथं ऊस लागला. दगड उलटायचा हा भाग दलालांनी अगदी खरा सांगितला होता. ढिगावर तणही माजलं नव्हतं, इतका घट्ट रचलेला. चालक म्हणाले, "आजा बोलत होता, सोना नहीं मिला, सुक्कर मिला." आणि हसले. हा विनोद त्यांनी आधी अनेक पाहुण्यांना ऐकवला असणार. मला काही तक्रार नाही.

१९६८ च्या १२ मार्चला देश स्वतंत्र झाला. त्या काळात नावं बदलायची लाट होती. गोल्ड कोस्टचं घाना झालेलं, पुढं सिलोनचं श्रीलंका झालं. मॉरिशसनं बदललं नाही. बदलणार कशात? भोजपुरी नाव घ्यावं तर क्रिओल लोक नाराज, फ्रेंच घ्यावं तर भारतीय वंशाचे, तमिळांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, चिनी दुकानदार आणखी वेगळे. तिथं नोटांवर तमिळ आधी की हिंदी आधी यावरून १९९८ मध्ये एवढा वाद झाला की नव्या नोटा मागं घ्याव्या लागल्या. अशा ठिकाणी देशाचं नाव बदलायला काढणं म्हणजे घर पेटवून घेणंच. कधीच न आलेल्या डच राजपुत्राचं नाव सगळ्यांना सारखंच परकं, आणि म्हणून सगळ्यांना सारखंच आपलं. बदललं ते एवढंच की पोर्ट लुईचा 'कुली घाट' १९८७ मध्ये 'आप्रवासी घाट' झाला. जिथं खरोखर बोचत होतं तिथं बदललं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मजूर जहाजातून उतरून ज्या दगडी पायऱ्या चढले, त्या तिथंच आहेत. २००६ पासून ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी आजी पांढऱ्या साखरेला साखर म्हणायची नाही. 'मोरस' म्हणायची. "डब्यातली मोरस दे", "चहाला मोरस कमी पडली". साखर म्हणजे तिच्या लेखी खडीसाखर नाहीतर पिवळसर देशी खांड. मी लहानपणी विचारलं होतं, "आजी, मोरस म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मोरस म्हणजे मोरस. पांढरी." विषय संपला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसची साखर मोठ्या प्रमाणावर मुंबईला उतरायची. बंदरातून वाण्यांकडं, वाण्यांकडून गावोगाव. देशाच्या नावानंच मालाला नाव पडलं, मोरस. रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस तिकडं जाऊन ऊस तोडायचा, आणि त्या उसाची साखर मुंबईमार्गे परत रत्नागिरी-साताऱ्याच्या वाण्याकडं यायची. पाठीमागं राहिलेल्या बायकोनं पावशेर मोरस आणली असेल तर ती नवऱ्याच्या हातची असण्याची शक्यता अगदीच नाही असं नाही.

आजीला मोरस चालायची, देवाला चालायची नाही. नैवेद्याला गूळ, प्रसादाला खडीसाखर. कारण विचारलं तर "हाडं घालतात त्यात". मी केमिस्ट झाल्यावर कळलं की हे काही खुळ नव्हतं. परदेशी रिफायनऱ्यांत रंग काढायला जनावरांच्या हाडांचा कोळसा खरोखर वापरत. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती साखरेवर बहिष्कार पडला तेव्हा हा मुद्दा जोरात होता. आपल्या कारखान्यांत गंधक जाळून त्याच्या धुरानं रंग काढतात, हे मी आजीला दोनदा समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि नैवेद्याला गूळच ठेवला.

१९३२ मध्ये सरकारनं देशी साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण दिलं, बाहेरची साखर आटली. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना सुरू झाला, मग आमच्या जिल्ह्यात तर धुराड्यांची रांगच लागली. पांढरी साखर घरचीच झाली, तिला वेगळ्या नावाची गरज उरली नाही. मराठीतून मोरस गेली. आमच्या लॅबमध्ये साखरेला आम्ही दाण्याच्या आकारावरून एस-३० नाहीतर एम-३० म्हणायचो. तिथल्या पोरांना मोरस सांगितलं तर त्यांना मिठाचा ब्रँड वाटला.

गुजरातीत मात्र ती ठणठणीत आहे. माझी मुलगी लग्न होऊन बडोद्याला असते. तिच्या कोपऱ्यावरचा किराणावाला पांढऱ्या साखरेला आजही मोरसच म्हणतो, बिलावरही तसंच लिहितो. मागच्या दिवाळीत मी त्याला विचारलं, शेठ, ही मोरस कुठली? तो म्हणाला, बारडोलीची.